आधी शिवलेलं दुपटं

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर सासूही तेच म्हणाली, फक्त तिचा सूर वेगळा होता. नोकरीत असेपर्यंत हे खपून गेलं, कारण सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलाकडे जाणाऱ्या बाईला लोक कामसू समजतात. निवृत्त झाले आणि उघडी पडले. सकाळी गॅलरीतल्या कुंड्या उन्हात सरकवायच्या, दुपारी सावलीत, मधल्या वेळात डब्यांची झाकणं पुसायची. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "कुंड्यांना तरी विचार एकदा." त्याला निवृत्ती चांगली मानवली होती आणि त्याचाही मला राग यायचा.

अशा घरात लेक पडून राहायला आली.

ती बेंगळुरूला नोकरीत, जावईही तिथेच. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं. कळा नाहीत, कुठे पडणं-झडणं नाही, पिशवीचं तोंडच वेळेआधी उघडलं. फोन आला तशी मी मिळेल त्या गाडीत बसले, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलगा होता, एवढंच जावयाने सांगितलं. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढे ती त्याविषयी माझ्याशी कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही मायलेकी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडायचो, या एका विषयाला मात्र वळसा घालून जायचो.

या वेळी ती तिसऱ्या महिन्यातच आमच्याकडे हैदराबादला, नल्लकुंट्याला आली. नारायणगुड्याच्या डॉक्टरबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि नववा लागेपर्यंत होईल तेवढं पडून राहायला सांगितलं. शिवणकाम येणाऱ्या बाईला टाका म्हटल्यावर पुढचे प्रश्न सुचतातच. दोरा कसला? गाठ कुठे मारली? निसटली तर? डॉक्टरबाई हसल्या. "दोरा नाही अम्मा, पट्टी असते, मजबूत. आणि गाठ मुद्दाम पुढे ठेवतो, नंतर कापताना सापडायला हवी ना." त्यांना वाटलं माझं समाधान झालं. मला मात्र त्या दिवसापासून ती पट्टी आणि ती गाठ डोळ्यांपुढे दिसायला लागली. भाजी चिरताना मध्येच मनात यायचं, धरली असेल ना? की चिरायचं सोडून मी तिच्या खोलीत.

"पाणी हवं?"

"नको मम्मी."

"उशी सरकवू?"

"नको."

थोड्या वेळाने पुन्हा मी दारात. शेवटी एक दिवस तिने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, तू सारखी येऊन बघतेस ना, तेव्हा मला वाटतं काहीतरी होणारच आहे. प्लीज, कुठेतरी जा. मंदिरात जातात ना बायका, तसं कुठेतरी."

"आपण मंदिरात जात नाही," मी म्हणाले.

"मग विहारात जा. भिशी लाव. काहीही कर, पण घराबाहेर कर."

पोटच्या पोरीने हाकलल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिचं चुकत नव्हतं. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी एक निरोप टाकला होता, विद्यानगरला दर शनिवारी बायका जमून क्विल्ट, म्हणजे इंग्रजी धाटणीच्या गोधड्या, शिवतात म्हणून. नवऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "जा. तिथे तरी सुईला दोरा लावून तुला बसवतील."

विद्यानगरला जिच्या घरी हे चालायचं ती मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, चाळिशीची. दार उघडताच म्हणाली, "या काकू!" कालपरवापर्यंत मला लोक मॅडम म्हणत होते. मी मनातल्या मनात तिच्यावर एक फुली मारली. हॉलमधले सोफे भिंतीला लावले होते आणि मध्ये भलं मोठं टेबल. त्यावर हिरवी, चौकटी आखलेली चटई, तिच्यावर कापड ठेवून चाकासारख्या गोल पात्याने कापायचं. कात्री नाहीच. कापडंही सगळी नवी कोरी, एकाला एक रंग जुळवलेली. मी विचारलं, "जुनं काही नाही वापरत?" तिने सरळपणे सांगितलं, "नव्याला माप नीट मिळतं, काकू."

आमच्याकडे नवं कापड फाडून वाकळ शिवली असती तर आईने वेड्यात काढलं असतं. मराठवाड्यातून आम्ही हैदराबादला आलो ते वडिलांच्या नोकरीमुळे. आईने बरोबर आणलेल्या ओझ्यात सगळ्यात जड होतं ते वाकळांचं गाठोडं. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी एकावर एक अंथरायच्या, जमिनीवर बसून काठापासून धावदोरा घालायला घ्यायचा आणि फिरत फिरत आत मधोमध यायचं. माझा हात त्यातच तयार झाला होता. तेव्हा या हॉलमध्ये मला कोणी काही शिकवेल असं वाटत नव्हतं.

पण शिकवलं. कापसाचा थर मध्ये घालून तीन पदर कसे धरायचे, कोपऱ्यावर पट्टी कशी दुमडली की ती सरळ रेषेत बसते, हे मला येत नव्हतं. आणि गाठ. आमच्या वाकळेच्या गाठी उघड्या असतात, हाताला लागतात. पुण्याच्या बाईने दोऱ्याच्या टोकाला बारीकशी गाठ मारली, सुई कापडात घालून थोडं लांब बाहेर काढली आणि दोऱ्याला एक हलका हिसका दिला. टक् असा आवाज झाला आणि गाठ वरच्या कापडातून आत जाऊन कापसात लपली. बोट फिरवलं तर लागेना. मी ते तिला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. तिच्या नावावरची फुली मी त्याच दिवशी खोडली.

मग ती म्हणाली, "नवीन येणारे आधी बेबी क्विल्ट करतात, काकू. लहान असतं, लवकर होतं. दुपट्याएवढंच."

माझा हात थांबला. "मी टेबलावर टाकायचं करते," मी म्हणाले.

"त्याला माप..."

"टेबलावर टाकायचं," मी जरा जोरातच म्हणाले. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

आता हे सांगायला हवं, की मी कोणत्या घरातली. धम्मदीक्षेनंतर माझ्या वडिलांनी देव्हारा, ताईत, दारावरची काळी बाहुली, सगळं एका पोत्यात भरून घराबाहेर काढलं होतं. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या मला त्यांनी एकदा त्याच रस्त्याने पुन्हा चालत पाठवलं. आम्ही काही मानत नाही, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की अमावस्या कधी येते ते मला ठाऊक नसायचं. पण बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवायचं नाही, आणायचं नाही, हे पोत्यात जायचं राहून गेलं होतं. ते कुणी वडिलांसमोर बोलून दाखवतच नव्हतं. आई, मावश्या, शेजारच्या आया नुसतं पाळायच्या. लेकीच्या वेळी मीही पाळलं आणि तिचं पहिलं दुपटं बाराव्या दिवशी शिवलं. आता साठीला टेकल्यावर, सुशिक्षित, निवृत्त अधिकारी असून, वितभर दुपट्याला मी घाबरत होते. घाबरत होते म्हणून चिडत होते, आणि चिडले की माझे टाके मोठे पडतात.

चष्म्यावरून पाहणाऱ्या त्या बाईला सगळे आपा म्हणत. निवृत्त शाळाबाई, जन्म इथलाच, बोली अस्सल दखनी. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझ्या सुईकडे बघत म्हणाल्या, "क्या मां, इत्ता तेज काय कू? कपडा भागरा क्या?" कापड काय पळून चाललंय का! मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पुढे गटाचं एक मोठं क्विल्ट करायचं ठरलं, पलंगभर. चौकोन सगळ्यांनी घरून जोडून आणले होते. ते एकत्र जोडले, खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि सगळं हॉलच्या फरशीवर अंथरलं. पुण्याच्या बाईने जागोजागी सेफ्टी पिना लावल्या. इतक्यात तिला ऑफिसचा फोन आला. शनिवार असूनही यायचाच. ती आतल्या खोलीत गेली, जाता जाता म्हणाली, "सुरू करा तुम्ही."

कुठून सुरू करायचं हे तिने सांगितलं नाही. तिला वाटलं, ते उघडच आहे. मलाही वाटलं, ते उघडच आहे. मी माझ्या बाजूच्या काठाला बसले आणि धावदोरा घालत आत निघाले. समोरच्या काठाला आपा बसल्या. त्यांच्याही घरी गुदडी काठापासूनच आत शिवत, ते आम्हाला एकमेकींना सांगावंही लागलं नाही. नोकरी करणाऱ्या दोन तरुण मुली होत्या, त्या शिकवल्याप्रमाणे मधोमध बसून बाहेरच्या दिशेने शिवू लागल्या. पिना गुडघ्याला टोचत होत्या म्हणून मी येता येता त्या काढून वाटीत टाकत गेले. आपाही काढत आल्या. वाकळेत पिना कधी होत्या? जुन्या कापडाचे पदर मऊ असतात, एकमेकांना धरून बसतात, हाताने सारवल्यासारखे सपाट होतात. हा नवा कापूस मात्र आमच्यापुढे सरकत सरकत आत चालला होता, आणि मुलींच्या पुढे बाहेर.

फोन संपवून ती बाहेर आली तेव्हा आमच्या चौघींच्या मध्ये क्विल्ट टम्म फुगलं होतं. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर यायचं. एक मुलगी त्यावर बसूनच पाहत होती. आपा शांतपणे म्हणाल्या, "बिर्यानी का दम हो गया." आणि मग सगळ्या जणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, पुण्याची बाईही.

मी हसले नाही. मला एकदम कसंतरी झालं. व्यवस्थित घातलेले टाके, सगळ्यांनी आपापल्या परीने नीट केलेलं काम, आणि तरी मध्ये हे. मी उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा पुण्याची बाई फरशीवर बसून उसवायला लागली होती. "मीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "कापूस असला की मधून बाहेर जायचं, म्हणजे सगळी हवा काठाने निघून जाते. आणि पिना शेवटपर्यंत काढायच्या नाहीत, काकू."

उसवताना माणसं बोलतात. शिवताना डोळे टाक्यावर असतात, उसवायला तेवढी नजर लागत नाही. आपांनी विचारलं, घरी कोण कोण. मी सांगायला लागले आणि थांबताच आलं नाही. टाका, पट्टी, पुढे ठेवलेली गाठ, आदल्या वर्षीचं. दुपट्याचंही सांगून टाकलं. पुण्याच्या बाईने दोरा ओढता ओढता माझ्या पाठीवर हात ठेवला. आपा म्हणाल्या, "नक्को सीना. हमारे में भी नै सीते. अल्ला खैर करे, बच्चा हाथ में आन दो पहले." मला फार बरं वाटलं. माझ्या भीतीला कुणीतरी मान डोलावली होती. घरी येताना रिक्षात मी ठरवून टाकलं, झाला निर्णय, शिवायचं नाही.

घरी आले तर लेक माझीच वाट पाहत होती. शनिवारची गंमत ऐकायची तिला आता सवय झाली होती. फुगलेल्या क्विल्टचा फोटो पाहून ती पोटाला हात लावून हसली, आणि माझा जीव त्या हसण्यानेही वरखाली झाला. मग तिने ती लपणारी गाठ करून दाखवायला सांगितली. मी एका चिंधीवर टक् करून दाखवली. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं, मग चिंधी गालाला लावून पाहिली.

"मम्मी, दुपटं कर ना असं. गाठ न टोचणारं."

"करू की. वेळ आहे."

"आत्ता कर."

"कापड नाही."

"कपाटभर साड्या आहेत तुझ्या."

"डोळे दुखतात हल्ली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू मानतेस," ती म्हणाली. "मम्मी, तू मानतेस! आजोबांनी देव काढले घरातून, आणि तू दुपट्याला घाबरतेस?"

"घाबरत नाही मी कुणाच्या बापाला," मी ओरडले. नवरा पेपर घेऊन दारात आला. "शिवून टाक की," तो म्हणाला, जणू काही मी बटण लावायला नकार दिला होता. मी त्या दोघांनाही काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर काही आठवडे तिने दुपट्याचं नाव काढलं नाही, आणि मी तिच्या खोलीत गेले की ती डोळे मिटून घ्यायची. झोपलेली नसायची. आईला कळतं.

ते आठवडे मी कसे काढले मलाच माहीत. शनिवारी विद्यानगरला जायचे, तिथे चित्त लागायचं नाही. घरी यायचे, तिथेही नाही. टेबलावर टाकायचं माझं क्विल्ट पूर्ण झालं. काठ सरळ, कोपरे टोकदार, पुण्याच्या बाईने सगळ्यांना दाखवलं. मला ते बघवत नव्हतं. ते नेमकं दुपट्याएवढं झालं होतं.

सहावा महिना सरत आला होता तेव्हा एका दुपारी तिने हाक मारली. पोट दगडासारखं घट्ट होतंय, म्हणाली. मी आणि नवऱ्याने तिला मागच्या सीटवर आडवी केली आणि नारायणगुड्याला नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, यंत्र लावलं, इंजेक्शन दिलं. टाका जागेवर होता. "घाबरू नका, पण संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या," त्या म्हणाल्या. नवरा औषधं आणायला खाली गेला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होते.

"मम्मी, बस," ती म्हणाली. "तुला एक सांगायचंय."

मी बसले.

"तेव्हा ना," ती छताकडे बघत म्हणाली, "सिस्टरने बाहेर येऊन कपडा मागितला. बाळासाठी. ह्यांच्याकडे काहीच नव्हतं. असणार कुठून? आपल्याकडे आधी काही घेत नाहीत. त्यांच्याकडेही नाही घेत. हे खाली पळत गेले, दुकान बंद होतं. मग सिस्टरने ऑपरेशनचं ते हिरवं कापड असतं ना, त्याचा तुकडा दिला. त्याच्यावर छाप होता हॉस्पिटलचा. त्यातच गुंडाळून आणला माझ्याकडे. त्यातच नेला."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तो जाणारच होता मम्मी, मला माहितीये. पण त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. एक चिंधी पण नाही." आता तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि पडून राहायचं म्हणून ती ते पुसायला वळतही नव्हती. "हे आलं, राहिलं, तर राहिलं. नाही राहिलं तरी याचं दुपटं असायला पाहिजे. मला तेवढंच पाहिजे. तू शिवलेलं."

मी पदराने तिचे कान पुसले. मी तिला शब्द दिला नाही. माझ्या साऱ्या भीतीचा मला संताप आला. मी इतके दिवस बाळाला वाचवतेय असं समजत होते, आणि इकडे माझी पोर एका हिरव्या तुकड्याखाली गाडली गेली होती. ते तिला कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. बाळाला जुनंच कापड हवं, धुवून धुवून मऊ झालेलं, यात पुण्याच्या बाईचं मी ऐकणार नव्हते. माझ्या कचेरीतल्या सुती साड्या काढल्या, नवऱ्याची पांढरी लुंगी काढली. तो म्हणाला, "ही नेसतो मी अजून." मी म्हणाले, "नेसत होतास." सगळं उकळत्या पाण्यातून काढून गॅलरीत वाळत घातलं. लेकीच्या पलंगाशी चटई अंथरून बसले आणि तिच्या डोळ्यांसमोर कापायला घेतलं. कात्री कापडाला लावली आणि दोनदा परत उचलली, खोटं कशाला बोलू. ती एकटक बघत होती. "चालव," ती म्हणाली.

शनिवारी मी ते उघडपणे विद्यानगरला घेऊन गेले आणि आपांच्या समोर ठेवलं. हिरव्या तुकड्याची गोष्ट सांगितली. मग त्यांनी पिशवीतून आपलं अंगुस्तान काढलं, बोटात घातलं आणि म्हणाल्या, "लाओ इधर. कोने मैं करती." पुण्याच्या बाईने कच्चे टाके बारीक घालायला लावले आणि मधून बाहेर यायला लावलं. मी निमूट ऐकलं. प्रत्येक गाठ आम्ही हिसका देऊन आत लपवली आणि वरून बोट फिरवून पाहिलं.

घरी उरलेलं शिवताना लेक पडल्या पडल्या दोरा ओवून द्यायची. कधी एखादी ओळ तीच घालायची, उताणी पडून, कापड छातीवर धरून. तिचे टाके वेडेवाकडे होते, मी ते उसवले नाहीत. पण दुपटं झालं म्हणून माझा जीव थाऱ्यावर आला असं कुणी समजू नये. उलट आता ते तयार होऊन कपाटात होतं आणि मी दिवसातून कितीदा तरी कपाट उघडून बघायचे. दर वेळी मनात तेच यायचं. हे कशासाठी लागणार आहे? एका उत्तराची मला आस होती आणि दुसऱ्यासाठीही ते तिथे होतं. दोन्ही एकाच कापडात.

नवव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी टाका कापला. पुढे आठवडाभर काहीच झालं नाही, आणि मग एका भल्या सकाळी झालं. मी दवाखान्याच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, बेंगळुरूहून आलेला जावई भिंतीला टेकून उभा होता. दार उघडून नर्स बाहेर आली. "अम्मा, बिड्डकु बट्टा?" बाळाला कपडा. तिचा चेहरा मला वाचता येईना, तोंडावर मास्क होता. जावयाने माझ्याकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता. मी पिशवीतून दुपटं काढून तिच्या हातात दिलं, आणि दार पुन्हा बंद झालं. ते बंद दार मी आयुष्यात विसरणार नाही.

मग आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, रागावलेलं. जावई खाली फरशीवरच बसला.

मुलगी झाली. तिला आपा येऊन बघून गेल्या, पुण्याची बाई येऊन गेली. तिने आल्या आल्या दुपट्याचे कोपरे तपासले. ते दुपटं रोज ओलं होतं, रोज धुतलं जातं, लुंगीचा भाग आता पिवळट दिसतो.

लेक परत जायला निघाली त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सामान भरून झालं होतं. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती, बाळ शेजारी झोपलं होतं. मी तिच्या बॅगेत दुपटं घडी करून ठेवत होते.

"मम्मी, अजून एक करशील?"

"करते की. हिला आता मोठं लागेल."

"हिला नाही," ती म्हणाली. "त्याला."

मी घडी खाली ठेवली. साड्यांमधला उरलेला एक तुकडा शिवणाच्या टोपलीत होता, फिकट पिवळा, बारीक पांढऱ्या काठाचा. तो काढला आणि तिच्यासमोर बसले. त्याला मी पाहिलं नव्हतं. कुणी पाहिलं होतं तर हिने आणि जावयाने.

"केवढं करू?"

तिने दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि समोर धरले, तळवे एकमेकांकडे करून. थोडा विचार केला आणि हात आणखी जवळ आणले.

"एवढा होता," ती म्हणाली.

मी तो तुकडा तिच्या दोन हातांच्या मध्ये धरून पाहिला. दोन्ही बाजूंनी थोडा जास्त होत होता. मी कात्री उचलली.

"राहू दे मम्मी," ती म्हणाली. "तेवढं शिवणीत जाईल."